वाचायला बाई हवी

४ जून

वहिनी, नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण गेल्या वेळी दादाच्या कपाटावरून फोनवर आपलं जे झालं ते पुन्हा व्हायला नको. पत्रात निदान एका वेळी एकीलाच बोलता येतं.

काम पैशांचं आहे. तेव्हा आधी चहा पिऊन घ्या.

माझ्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत वर्षभर एक मुलगी राहते आहे. वीस-एकवीसची असेल. तिच्या देशात लढाई पेटली तेव्हा पोटुशी होती, तशीच घराबाहेर पडली. छावणीत बाळंत झाली आणि फिरत फिरत इथे येऊन पोचली. नवऱ्याचा पत्ता नाही. ती त्याविषयी बोलत नाही, मी विचारत नाही. गल्लीत सगळे तिला 'वरची' म्हणतात, आणि तीही आता त्याच हाकेला ओ देते. लेक अडीच वर्षांची. तिचं नाव आम्ही 'फौजदार' ठेवलंय, कारण गिऱ्हाइकाच्या कपड्यांचे खिसे तपासल्याशिवाय ती एक शर्ट आत जाऊ देत नाही. तिच्यामुळे शाईचे डाग निम्म्यावर आलेत.

वरची सकाळी माझ्याकडे इस्त्री करते. कॉलर अशी बसवते की माणसाने आपोआप ताठ चालावं. पण तिला शाळा पुरी करायची आहे. शेवटचं वर्ष राहिलं होतं तेव्हा तिची शाळाच बॉम्बमध्ये गेली. इथे मोठ्या वयाच्यांसाठी दुपारची शाळा आहे. परीक्षा घेऊन त्यांनी तिला प्रवेशही दिलाय. आता फी आणि पाळणाघर मिळून जे होतं, ते इस्त्रीतून काही निघत नाही. निम्मं मी घालते. निम्मं तुम्ही घालाल का?

या बाबतीत तरी नम्र असलेली,
तुमची नणंद

१३ जून

वन्सं,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. खिडकीपाशी बसून वाचावं लागलं. पुढच्या वेळी मोठं लिहा.

मी तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. पाकीट हरवलेली, नवरा पुढच्या डब्यात गेलेली, आई आजारी असलेली माणसं रोज माझ्या खिडकीशी यायची, आणि त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशी त्याच फलाटावर तेच पाकीट पुन्हा हरवून बसलेली असायची. तुमच्या भाडेकरणीला मी काही म्हणत नाही. तुमचा स्वभाव भोळा, एवढंच म्हणते. तुमच्या भावाचाही तसाच होता. म्हणून आमच्याकडे तीन शिवणयंत्रं आहेत आणि शिवणारं कोणी नाही.

मुलगी खरंच हुशार असेल तर तिला चार चांगले शब्द शिकवावेत. पैसे उडून जातात, उच्चार टिकतात.

कपाटाबद्दल मी अवाक्षर काढत नाही. ते इथेच आहे.

वहिनी

२० जून

वहिनी, नमस्कार.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, त्यामुळे टोमणे कमी मावतील.

'उच्चार टिकतात' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. अगदी बरोबर बोललात. या मुलीला आपली भाषा समजते, पण वाचताना ती शब्दांवरून अनवाणी चालल्यासारखी चालते. तुमच्यासारखी भाषा आता राहिलीय कोणाकडे? तेव्हा असं करू. ती रोज संध्याकाळी सहाला तुम्हाला फोन करून शाळेच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवेल. तुम्ही फक्त ऐकायचं आणि चुकेल तिथे अडवायचं. आणि शिष्यीणच झाली म्हटल्यावर तिच्या पाळणाघराचं तुम्ही बघाल, याची मला खात्री आहे.

एक पथ्य मात्र पाळा. तिच्यापाशी पैशांचा विषय काढू नका. छावणीत हातात वाडगं घेऊन रांगेत इतके दिवस काढलेत तिने, की फुकट काही दिलं की चेहऱ्याचा दगड होतो. शाळेचा पहिला हप्ता मी गुपचूप भरला होता. तिला कळल्यावर तिने माझे पडदे, चादरी, उशांचे अभ्रे आणि शेवटी फरशी पुसायची फडकीसुद्धा इस्त्री करून दिली. पैसे माझ्याकडे पाठवा. पुढचं मी बघते.

नणंद

५ जुलै

वन्सं,

फोन सुरू झाले. मी तक्रार करत नाही, पण तुमची वरची ओरडते का? पहिल्या दिवशी तिने भूगोल असा वाचला की शेजारीण दार वाजवून काय झालं विचारायला आली. प्रत्येक वाक्य दोनदा. मी म्हटलं, 'सावकाश.' तर म्हणाली, 'हो हो, तुम्ही सावकाश ऐका. मला घाई नाही.' फोन ठेवताना विचारते, 'जेवलात का? पाणी हाताशी आहे ना? रात्री उठलात तर भिंत धरून चाला.' मी शिकवणारी आहे की बाळंतीण?

मला आजी म्हणाली. मी सांगितलं, वहिनी म्हण.

पैसे पाठवले आहेत.

वहिनी

१२ जुलै

वहिनी, नमस्कार.

त्यांच्याकडे डोंगर फार. या डोंगरावरून त्या डोंगरावर बोलायची सवय, एकदम कशी जाणार? आणि विचारपूस करायची तर पद्धतच आहे त्यांची. मला रोज विचारते की मी मेले तर इस्त्री कोणी बंद करायची.

वर्गात मात्र तिचं नाव होऊ लागलंय. बाईंनी विचारलं म्हणे, तुझे उच्चार इतके स्पष्ट कसे? मी ते ऐकून तुमच्या वतीने फुगून घेतलं.

नणंद

२८ सप्टेंबर

वन्सं,

अन्न पोटात गेल्यावर आत इतके उद्योग चालतात हे मला सत्तरी आली तरी कोणी सांगितलं नव्हतं. आता जेवताना मी घाई करत नाही, आतल्यांना वेळ मिळावा म्हणून. हृदयाला चार कप्पे असतात. आमचे दोन झालेत. मध्ये तिची चाचणी आली, ती संपली की उरलेले दोन. तुम्हाला ठाऊक होते का? असणार नाहीत.

ओरडणं कमी झालंय. धडा सुरू करण्याआधी ती आता म्हणते, 'कृपया इकडे लक्ष द्या.' मी शिकवलं नाही. आपोआप उतरलं. लढायांच्या सनावळ्या अशा वाचते की प्रत्येक राजा वेळेवर येऊन फलाटाला लागतो.

फौजदारासाठी स्वेटर विणलाय. एक बाही लांब झाली आहे. वाढतं अंग आहे, म्हणून मुद्दामच.

वहिनी

३ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

पाकीट एवढं फुगलेलं आलं की मला वाटलं, कपाटाची कागदपत्रं आली. उघडून बघते तर एका पानावर चार ओळी. मी मोठं लिहिलं त्याचा टोमणा समजले. ठीक आहे, तुम्हीही मोठं लिहा, मीही मोठं लिहिते. पोस्टाची चैन आहे.

स्वेटर फौजदार अंगावरून काढू देत नाही. लांब बाहीत ती गिऱ्हाइकांचा जप्त केलेला माल ठेवते.

आता वाईट बातमी. पाळणाघरवाल्या बाई लेकीकडे राहायला चालल्या, पाळणाघर बंद. दुसरं आहे, पण दुप्पट घेतात. वरचीने मला न विचारता एका हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभराची नोकरी बघितली. तिथे पोरीला सोबत आणू देतात, गरम पाण्याच्या टाक्यांशेजारी. सोमवारपासून शाळा सोडते म्हणाली. मी समजावलं, रागावले, एक दिवस बोलले नाही. तिने तो सगळा दिवस शांतपणे इस्त्री केली.

तुमचं ऐकेल का? पण पैशांचं बोलू नका.

नणंद

८ ऑक्टोबर

वन्सं,

काल सहाला फोन आला. 'कृपया इकडे लक्ष द्या' नाही, काही नाही. म्हणाली, 'वहिनी, मला नोकरी सोडावी लागणार.'

मी म्हटलं, 'कोणती?'

'तुमची. तुम्हाला वाचून दाखवायची.'

ती एकेक सांगू लागली. 'तुम्हाला दिसत नाही, ऐकू कमी येतं, घरात कोणी नाही, आणि डॉक्टरांनी कथा-कादंबऱ्या बंद करून फक्त शाळेची पुस्तकं ऐकायला सांगितलीत. लाँड्रीच्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. म्हणून अशी मध्येच सोडून जाताना मला बरं वाटत नाही. पण मी तुमच्यासाठी दुसरा माणूस बघितलाय. आमच्या गल्लीतले रिटायर पोस्टमन. हळू वाचतात, पण आवाज चांगला आहे.'

म्हणजे इतके महिने मी तिला शिकवते आहे, आणि ती मला सांभाळते आहे. मी पाठवते ती मदत, आणि तिला मिळतो तो पगार. वन्सं, आंधळी आणि बहिरी इथपर्यंत मी समजू शकते. पण कादंबऱ्या बंद करणारा डॉक्टर तुम्हाला कुठून सुचला? तुमच्या घराण्यात एवढी कल्पनाशक्ती आजवर कोणाला नव्हती.

खरं काय ते सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, 'हृदयाचे दोन कप्पे राहिलेत. ते आज वाचून टाकू का? तुम्हाला अर्धवट नको.' आणि वाचलेन. मागे लेकरू रडत होतं, ही एका हाताने त्याला थोपटत असणार, तरी एक ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर मी म्हटलं, 'पोस्टमन नको. डॉक्टर म्हणतात, आवाज बदलला तर माझी प्रकृती बिघडेल. उलट त्यांनी आता सकाळीही अर्धा तास ऐकायला सांगितलंय. पगार दुप्पट.'

ती म्हणाली, 'दोन्ही वेळा? म्हणजे तुमचं दुखणं वाढलंय.'

मी खोकले.

हॉटेलला नाही कळवते म्हणाली. दुप्पट पैसे पाठवते आहे. डॉक्टर तुम्ही आणलात, मी फक्त त्यांचं ऐकलं. तुमच्याशी मी बोलत नाही. पत्र लिहिते आहे, ते वेगळं.

वहिनी

१४ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

चुकले. पण काय करणार, ती मदत घेईना आणि तुम्ही देईनात. दोघींना एकेक थाप मारली तेव्हा कुठे काम झालं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन, फक्त डॉक्टर जरा साधा निवडीन.

ती आज शाळेत गेली. जाताना मला म्हणाली, 'वहिनींना खोकला झालाय, तुम्ही लक्ष देत नाही.'

नणंद

२० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

परीक्षेचं केंद्र तुमच्या गावात आलंय. मधल्या सुट्या धरून तीन आठवडे पेपर चालतील. मी वरचीला म्हटलं, वहिनींकडे उतर. तर म्हणते, 'उतरते, पण त्या बदल्यात दोन्ही वेळा समोर बसून वाचीन, आणि त्यांना आंघोळीला पाणी काढून देईन.'

तर तुम्हाला तीन आठवडे आंधळं व्हावं लागेल. परीक्षेच्या तोंडावर तिला खरं कळलं तर ती पेपर टाकून तुमची फडकी इस्त्री करत बसेल.

नणंद

२८ फेब्रुवारी

वन्सं,

येऊ दे. काळा चष्मा आणला आहे. बहिरेपण मला झेपणार नाही, ते बरं झालं म्हणून सांगेन. बाकीचं माझ्यावर सोडा.

वहिनी

१२ मार्च

मावशी,

मी वरची लिहिते. पेपर चार झाले. भाषेचा सोपा, शास्त्राचा सोपा, हृदयावर प्रश्न आला. गणिताचं नाव काढू नका.

तुम्ही मला सांगितलं होतं की वहिनींना दिसत नाही. पण इतकं कमी दिसतं हे नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी चहा केला, त्यात मीठ पडलं. मी सगळा प्यायले. फौजदारने थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी कपाच्या शेजारी ओतला. काळा चष्मा घालतात, तो टेबलावर ठेवला आणि घरभर शोधला. मी हळूच त्यांच्या हाताखाली सरकवला. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतात आणि मग माझ्याकडे वळून हसतात, जसं काही गंमत केली. आता फौजदार त्यांचं बोट धरते आणि 'पायरी' म्हणते. त्या म्हणतात, 'हिला नोकरीला ठेवली पाहिजे.'

कान मात्र एकदम छान आहेत. माझ्या वाचनाने बरे झाले, असं त्या म्हणतात.

एवढं कमी दिसत असताना त्यांना इतकी वर्षं एकटं कसं ठेवलंत? मी तुमच्यावर थोडी रागावले आहे. आल्यावर बोलू.

तुमची वरची

१७ मार्च

वहिनी,

शाब्बास. वरचीचं पत्र वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले. गिऱ्हाइकं घाबरली. चहात मीठ म्हणजे तर कळस. आणि स्वतःचा चष्मा घरभर शोधायचा, ही कल्पना कशी सुचली? तुम्ही स्टेशनवर उगाच आयुष्य काढलंत, रंगभूमीवर जायला हवं होतं. पोरीला काडीचा संशय नाही. उलट मलाच रागावली, की आंधळ्या बाईला एकटं ठेवलं म्हणून. आता शेवटचा पेपर होईपर्यंत असंच रेटा. पैसे आपण देतो हे तिला कधीच कळायला नको.

नणंद

२२ मार्च

वन्सं,

हे पत्र मी सांगते आहे आणि ही लिहिते आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा माझं भिंग फौजदारने जप्त केलं होतं. म्हणून ते हिनेच मला वाचून दाखवलं. (मोठ्याने. सगळं. – वरची) 'कळस'पाशी ही थांबली. मी म्हटलं, वाच पुढे, पगार घेतेस ना. तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंन आणि पत्राची घडी केलीन.

आता ऐका. मी नाटक केलं नाही. करणार होते. चष्मा विकत आणला, आरशासमोर उभी राहिले, आणि घातला काय न घातला काय, आरशात मी सारखीच दिसले. म्हणजे दिसले नाही. दोन वर्षं होत आली. तुमचं पहिलं पत्र मी खिडकीपाशी नाही, भिंग लावून, दोन दिवसांत वाचलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला उचलून लाँड्रीत नेऊन बसवलं असतं. मीठ हे मीठच होतं. मला साखर वाटली. तुम्ही हिला जी थाप मारलीत ती निम्मी खरी निघाली, तेव्हा आता फार हसू नका.

आणि हेही लिही. सहा वाजायची मी रोज वाट बघायची. (वहिनी म्हणाल्या, हे खोड. मी खोडणार नाही.)

मावशी, आता मी माझं लिहिते. मला राग आला. मी फौजदारला उचललं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. मग बघितलं, तिचा एक बूट घरीच राहिला. म्हणून परत आले. वहिनी दारात उभ्या होत्या, बूट हातात घेऊन. त्यांनी तो कसा शोधला माहीत नाही. गुडघ्यांना धूळ होती.

तेव्हा मी विचार केला. त्यांना दिसत नव्हतं आणि मी वाचलं. म्हणजे काम होतं. तुम्ही दोघी खोटं बोललात, पण मी खरं काम केलं. पैसे परत देणार नाही. उलट दर वाढवला पाहिजे, कारण आता मला पत्रंही वाचावी लागतात, आणि त्यात माझ्याबद्दल लिहिलेलं असतं.

शेवटचा पेपर परवा आहे. तो झाला की यांना डॉक्टरकडे नेते. खऱ्या.

वरची आणि वहिनी

२६ मार्च

वहिनी,

मी हसले त्याचं मनाला लावून घेऊ नका. वरचीला तिथेच राहू दे, जितके दिवस लागतील तितके. इस्त्री मी करते. कॉलरी वाकड्या बसतायत आणि लोक तसेच चालतायत.

दर वाढवा.

नणंद

३० जून

वन्सं,

हे मीच लिहिते आहे, माझ्या हाताने आणि माझ्या डोळ्यांनी. बघा, एका पानावर किती ओळी मावल्या. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. तुमचं अक्षर आता दिसतं, आणि ते खरोखरच वाईट आहे.

निकाल लागला तेव्हा माझ्या डोळ्यावर पट्टी होती. गुणपत्रिका हिने वाचून दाखवली. भाषा उत्तम, शास्त्र उत्तम, गणितात 'बऱ्यापैकी चांगले'. मी शेजारणीला सांगितलं, तिच्या बहिणीला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं. काल ती गुणपत्रिका माझ्या हाती आली. गणितात काठावर पास. एक गुण कमी पडता तर वर्ष गेलं असतं. बोलावून विचारलं, तर म्हणते, 'डॉक्टरांनी तुम्हाला धक्का बसू देऊ नका म्हणून सांगितलं होतं.' कोणत्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही. वर्षभर मी हिच्याकडून ऐकलेल्या इतिहासात आणखी काय काय 'बऱ्यापैकी चांगलं' होतं, याची मात्र काळजी लागली आहे.

पुढचं शिक्षण इथेच घेणार. प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम शिकायचं म्हणते. सोमवारी प्रवेशाला जातो आहोत. फी कोणी भरायची यावर काल आमचं भांडण झालं. तिला वाचनाचे पैसे द्यायला आता मला कारण उरलं नाही, तर तीच म्हणाली, 'तुमच्या त्या तीन शिवणयंत्रांतलं एक मला भाड्याने द्या, मी कॉलेज सुटल्यावर शिवीन.' भाडं मी दर महिन्याला घेणार आहे, आणि ते बिनचूक घ्यावं लागेल, नाहीतर निघून जाईल. तुम्ही फौजदारला तिकडे ठेवून घ्यायचं म्हणता, ते जमणार नाही. तिने इथे सगळ्या बिऱ्हाडांचे खिसे ओळखीचे करून घेतलेत.

एक राहिलं. आज सकाळी ती खिडकीत बसून फौजदारचे केस विंचरत होती. फौजदार किंचाळत होती, ही जीभ दातांत धरून भांग सरळ काढायच्या मागे लागली होती. हनुवटीवर एक मुरूम आलाय. हाताची नखं कुरतडलेली. वन्सं, ही लहान आहे हो. वीस-एकवीस, असं तुम्ही लिहिलं होतं आणि मी वाचलंही होतं, पण फोनवर रोज 'जेवलात का' विचारणारा तो आवाज मी कायम एखाद्या पोक्त बाईचा धरून चालले होते. एक पोर दुसऱ्या पोरीचे केस विंचरत बसली होती.

मी बराच वेळ उभी होते. तिने वर बघितलं आणि विचारलं, 'काय झालं? काय बघताय?'

म्हटलं, 'काही नाही. तुझं चालू दे.'

वहिनी